प्लॅस्टिक मॉडेल किट इतकं महाग का? साचा, कस्टम्स आणि थ्रीडी प्रिंटरचं गणित

इन्स्टाग्रामवर गंडम रोबोट किंवा फायटर जेटचं मॉडेल जोडतानाचे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. मग शॉपिंग अ‍ॅप उघडून किंमत बघितली की पहिला प्रश्न हाच पडतो: मूठभर प्लॅस्टिकचे एवढे पैसे कशाचे? आज हेच गणित सोडवूया. नागपूरसारख्या शहरात हा छंद वाढणार की नाही, याचं उत्तरही त्यातच आहे.

किट म्हणजे नक्की काय?

बॉक्समध्ये पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकच्या चौकटी असतात आणि त्यांना छोटे छोटे पार्ट्स जोडलेले असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. बॉक्सवर १/७२ लिहिलं असेल तर मॉडेल खऱ्या वस्तूच्या ७२ पट लहान आहे. सुखोई-३० विमान साधारण २२ मीटर लांब आहे, म्हणजे त्याचं १/७२ मॉडेल जवळपास ३० सेंटीमीटरचं, तुमच्या शाळेतल्या लांब पट्टीएवढं.

पैसे प्लॅस्टिकचे नाहीत, साच्याचे आहेत

हे पार्ट्स इंजेक्शन मोल्डिंगने बनतात. वितळलेलं प्लॅस्टिक जोराने स्टीलच्या साच्यात दाबतात, ते थंड होतं आणि चौकट बाहेर पडते. हे काम झटपट होतं आणि प्लॅस्टिकही स्वस्त असतं. खरा खर्च साच्याचा. आधी विमानाचा अभ्यास, मग कॉम्प्युटरवर डिझाइन, मग स्टीलमध्ये पॅनलच्या केसासारख्या बारीक रेषा कोरणं.

अ‍ॅपचंही असंच असतं. पहिली कॉपी बनवायला लाखो रुपये लागतात, दुसरी जवळपास फुकट पडते. समजा, साच्याला ५० लाख रुपये लागले. ५० हजार किट्स विकली तर प्रत्येक किटवर साच्याचा भार १०० रुपये. फक्त २ हजार विकली तर तोच भार २,५०० रुपये! साचा तोच, प्लॅस्टिक तेच, फक्त गिऱ्हाईक कमी.

म्हणूनच खप मोठा असला की किंमत खाली येते. बंदाई कंपनीने १९८० मध्ये गंडमचं पहिलं १/१४४ किट ३०० येनला विकलं. २०२० मध्ये आलेलं 'एंट्री ग्रेड' गंडम ७०० येनला होतं, तेही गोंद आणि रंग न लागणारं. चाळीस वर्षांत किंमत एवढीच वाढली, कारण गंडमला जगभर गिऱ्हाईक आहे.

मग आपल्याकडे एवढं महाग का?

कारण आपल्याकडे मिळणारी बहुतेक किट्स आयात होतात. स्केल मॉडेल्स कस्टम्सच्या ९५०३ या शीर्षकाखाली, म्हणजे खेळण्यांसोबतच मोजली जातात. या गटावरची बेसिक कस्टम्स ड्युटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के.

हिशोब करा. बंदरात १,००० रुपयांना पडलेलं किट ७० टक्के ड्युटीनंतर १,७०० रुपयांचं होतं. त्यावर ५ टक्के जीएसटी धरला तर १,७८५. इम्पोर्टरचा नफा, दुकानदाराचा नफा आणि नागपूरपर्यंतचं कुरिअर अजून बाकीच आहे. तेच किट तुम्ही स्वतःसाठी परदेशातून पार्सलने मागवलं तर दर वेगळा लागतो, त्यामुळे ऑर्डर करण्याआधी चालू दर नक्की तपासा.

ड्युटी वाढवण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. स्वस्त आणि निकृष्ट आयात खेळण्यांपुढे आपले कारखाने टिकत नव्हते. सरकारी आकड्यांनुसार २०१४-१५ ते २०२२-२३ या काळात खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली आणि निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली. पण बाहुली आणि स्केल किट एकाच पारड्यात तोलली गेली, इथेच गडबड आहे. बाहुली महाग झाली तर भारतीय बाहुली घेता येते. सुखोईचं किट महाग झालं तर शेल्फवर त्याच्या जागी भारतीय किट दिसत नाही. खरं सुखोई नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात बनतं, पण त्याचं मॉडेल परदेशातून येतं!

आपल्याला किट बनवता येत नाही असंही नाही. ब्रिटनच्या एअरफिक्स कंपनीची बरीच किट्स २०१० च्या दशकात भारतात मोल्ड व्हायची आणि बॉक्सवर तसं छापलेलं असायचं. चाकण पट्ट्यात गाड्यांचे प्लॅस्टिक पार्ट्स रोज बनतात. म्हणजे मशीन आहे, हातही आहेत. अडतं ते गिऱ्हाइकांच्या आकड्यावर. किट महाग म्हणून नवी मुलं येत नाहीत आणि मुलं येत नाहीत म्हणून कुणी साचा बनवत नाही.

थ्रीडी प्रिंटर हे चक्र तोडेल का?

काही प्रमाणात, हो. प्रिंटरला साचाच लागत नाही. पहिली कॉपी आणि शंभरावी कॉपी, दोन्हींचा खर्च जवळपास सारखा. रेझिन प्रिंटरमध्ये एलसीडी स्क्रीन असते. ती अतिनील प्रकाश हवा तिथेच सोडते आणि द्रव रेझिन थराथराने घट्ट होतं. एक थर साधारण ०.०५ मिलिमीटरचा असतो.

पण हजारो कॉपी हव्या असतील तर साचाच स्वस्त पडतो, कारण प्रिंटरला एका प्रिंटला कित्येक तास लागतात. शिवाय कच्चं रेझिन त्वचेला घातक असतं. हातमोजे आणि खेळती हवा हवीच, बेडरूममध्ये हा उद्योग नको. त्यामुळे गंडम साच्यातूनच येत राहील. ज्याचे गिऱ्हाईक जेमतेम पन्नास आहेत, ते मॉडेल मात्र आता प्रिंटरमुळे शक्य झालंय.

सुरुवात कशी कराल?

१. पहिलं किट 'स्नॅप-फिट' घ्या. गोंद, रंग आणि एअरब्रशचा खर्च वाचतो.

२. बॉक्सवरच्या चित्राला भुलू नका. जुन्याच साच्यातलं किट नव्या बॉक्समध्ये विकलं जातं. साचा कोणत्या वर्षीचा आहे ते स्केलमेट्स साइटवर बघा.

३. चार-पाच मित्र मिळून ऑर्डर द्या, कुरिअर वाटून जाईल. निपर आणि सँडपेपरचा एक सेट सगळ्यांना पुरतो.

४. बजेट शून्य असेल तर कागदी मॉडेलची फाइल डाउनलोड करा आणि जाड कागदावर प्रिंट काढा.

आणि नागपुरात असाल तर मोतीबागच्या नॅरो गेज रेल्वे म्युझियममध्ये एकदा जाच. तिथल्या इंजिनासाठी कुठलीही मोठी कंपनी स्टीलचा साचा कोरणार नाही, कारण तेवढं गिऱ्हाईकच नाही. पण परवानगी घेऊन मोबाइलवर चारही बाजूंनी शंभर-दीडशे फोटो काढले, तर फोटोग्रामेट्री अ‍ॅप त्यातून थ्रीडी मॉडेलचा कच्चा आराखडा तयार करतं. पुढची साफसफाई ब्लेंडरमध्ये, तेही फुकट. आपल्या गावचं इंजिन टेबलावर हवं असेल, तर ते बनवणारी फॅक्टरी सध्या तुमच्याच खिशात आहे.