एका बंदरात एकच नवल : अलास्काच्या क्रूझवर मुलांसाठी सहल निवडताना

जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरगावाहून तेथे मोटारीने जाता येत नाही. समोर समुद्राची खाडी आणि पाठीशी सुमारे ३,९०० चौरस किलोमीटर पसरलेले हिमक्षेत्र, म्हणून एकतर विमानाने यायचे, नाहीतर बोटीने. उन्हाळ्यात येथे मोठमोठी क्रूझ जहाजे धक्क्याला लागतात आणि त्यांतून हजारो माणसे उतरतात. त्यांत लहान मुले घेऊन आलेली कुटुंबेही असतात. सिॲटलहून किंवा कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघणाऱ्या सात दिवसांच्या या सफरीत जुनो, स्कॅगवे आणि केचिकन ही तीन बंदरे बहुधा असतातच.

बंदरावर हाताशी असतात काही तास. सहलींची यादी मात्र लांबलचक असते : हेलिकॉप्टर, कुत्र्यांची घसरगाडी, झिपलाइन, देवमासे, रेल्वे, अस्वले. इतक्या लांब आलोच आहोत तर सगळे पाहून घ्यावे, असे आईवडिलांना वाटते. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मनात एका दिवशी एकच मोठी गोष्ट नीट मावते. म्हणून निवडीचे सूत्र सोपे ठेवावे : एका बंदरात एकच नवल, तेही मुलाला स्वतःच्या डोळ्यांसमोर घडताना दिसेल असे.

जुनो : निळा बर्फ आणि देवमाशाची शेपटी

गावापासून सुमारे १९ किलोमीटरवर मेंडेनहॉल हिमनदी आहे. तिची लांबी सुमारे २१ किलोमीटर. डोंगरमाथ्यावर वर्षानुवर्षे पडलेले हिम स्वतःच्याच भाराने दाबले जाते, त्यातली हवा निघून जाते आणि घट्ट झालेला बर्फ उतारावरून अगदी संथ वाहू लागतो. असा दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा पुढे जाऊ देतो. ‘बर्फ पांढरा असतो ना, मग हा निळा कसा?’ हा प्रश्न मूल येथे आपणहून विचारते, आणि उत्तर समोरच असते.

तेथील माहिती केंद्र १९६२ साली उघडले. तेव्हापासून हिमनदी पुष्कळ मागे हटली आहे. जुनी छायाचित्रे आणि आजचे दृश्य शेजारी ठेवले की तापणाऱ्या पृथ्वीची गोष्ट शाळकरी मुलालाही कळते. केंद्रापासून फोटो पॉइंटपर्यंतची वाट अर्ध्या किलोमीटरच्या आसपास असून तिच्यावरून बाबागाडी जाते. चालणारे मूल असेल तर सुमारे सव्वा किलोमीटरवरच्या नगेट धबधब्यापर्यंत जावे. त्याची उंची ११५ मीटर आहे आणि वाट बरीचशी सपाट आहे. परिसरात काळ्या अस्वलांचा वावर असतो, तेव्हा वाटेवर खाऊ नेऊ नये आणि मुलाचा हात सोडू नये.

दुसरा पर्याय देवमाशांचा. हंपबॅक जातीचे देवमासे हिवाळा हवाईच्या उबदार पाण्यात काढतात. पिल्ले तेथेच जन्मतात, पण मोठ्यांना तेथे खायला जवळपास काहीच नसते. म्हणून उन्हाळ्यात हजारो किलोमीटर पोहून ते अलास्काला येतात आणि बारीक मासे व कोळंबीसारखे जीव खाऊन अंगावर चरबी चढवतात. प्रत्येकाच्या शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी वेगळी असते, आणि तिच्यावरूनच शास्त्रज्ञ त्यांना ओळखतात. बोटीने त्यांच्यापासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, दूर राहावे असा नियम आहे. म्हणून दुर्बीण सोबत हवी. ही सहल तीन-चार तासांची असते. अगदी लहान मुले असतील तर बंदिस्त, उबदार आणि स्वच्छतागृह असलेली बोट निवडावी.

स्कॅगवे : सोन्यासाठी निघालेली वाट

१८९६ साली कॅनडातल्या क्लोंडाइक भागात सोने सापडले आणि सुमारे एक लाख माणसे तिकडे निघाली. हद्दीवरचे कॅनडाचे पोलीस वर्षभराच्या शिध्याशिवाय कोणाला पुढे सोडत नसत. सगळे सामान मिळून सुमारे एक टन भरे. ते थोडे थोडे पाठीवर घेऊन माणसे एकच खिंड पुन्हा पुन्हा चढत. जनावरांचे हाल तर विचारूच नयेत. स्कॅगवेहून निघणाऱ्या व्हाइट पास खिंडीच्या वाटेवर सुमारे तीन हजार घोडे मेले.

याच खिंडीतून रेल्वे नेण्याचे काम १८९८ मध्ये सुरू झाले आणि १९०० च्या जुलैत १७७ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. तोवर सोन्याची लाट ओसरली होती, रेल्वे मात्र राहिली. ही नॅरो गेज गाडी धक्क्याजवळून निघते आणि सुमारे ३२ किलोमीटरमध्ये समुद्रसपाटीपासून ८७३ मीटर उंची गाठते. बोगदे, लाकडी पूल, दरीच्या कडेने वळणारे डबे, आणि खाली सोनशोध्यांची ती जुनी पाऊलवाट. जाऊन-येऊन तीनेक तास लागतात. मूल दमत नाही, पाऊस आला तरी भिजत नाही, आणि आजी-आजोबाही बरोबर येऊ शकतात. तीन पिढ्यांच्या कुटुंबाला या सफरीत याहून सोयीची सहल नाही.

उरलेल्या वेळात गावातल्या क्लोंडाइक राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाच्या केंद्रात जावे. तेथे मुलांना ज्युनियर रेंजरची पुस्तिका मिळते. ती सोडवून, शपथ घेऊन मिळवलेला बिल्ला मुलाला विकत घेतलेल्या खेळण्याहून प्रिय होतो.

केचिकन : परतणारे मासे, बोलणारे खांब

केचिकनला वर्षाकाठी साडेतीन मीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा छत्रीपेक्षा रेनकोट घ्यावा. येथे पैसे न मोजता दिसणारे नवल म्हणजे सामन मासा. गोड्या पाण्यात जन्मून तो समुद्रात जातो, तेथे मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्याच ओढ्यात येतो. ओढ्याच्या पाण्याचा वास त्याला वाट दाखवतो. अंडी घातल्यावर तो मरतो आणि त्याचे शरीर ओढ्याकाठच्या झाडांचे खत होते. जुलै ते सप्टेंबर या काळात क्रीक स्ट्रीटच्या लाकडी खांबांवरच्या वस्तीतून, धक्क्यापासून चालत जाऊन, हे मासे प्रवाहाविरुद्ध चढताना पाहता येतात.

सामनचे पाच प्रकार अलास्कातली मुले बोटांवर शिकतात. अंगठा म्हणजे चम, कारण इंग्रजीत ‘थम’शी यमक जुळते. डोळ्याकडे रोखलेली तर्जनी म्हणजे सॉकआय. सर्वांत लांब मधले बोट किंग. अंगठीचे बोट सिल्व्हर आणि करंगळी, जिला इंग्रजीत पिंकी म्हणतात, ती पिंक. हे आपल्या मुलांना आधीच शिकवून न्यावे.

याच भागात ट्लिंगिट आणि हैडा लोकांचे टोटेम खांब आहेत. ते पूजेसाठी नसतात. तांबड्या देवदाराच्या एका खोडात कावळा, गरुड, अस्वल कोरून कुळाची कथा सांगितलेली असते. कोणता प्राणी कुठे आहे, हे शोधण्यात मुले रमून जातात.

निवडण्यापूर्वी

हेलिकॉप्टर आणि झिपलाइन यांना वयाची व वजनाची अट असते, ती पैसे भरण्यापूर्वी वाचावी. हेलिकॉप्टरची सहल हवामानामुळे ऐनवेळी रद्द होऊ शकते, तेव्हा मुलाला आधी वचन देऊ नये. अलास्काचे घड्याळ सिॲटलपेक्षा एक तास मागे असते, म्हणून परतीची वेळ जहाजाच्या घड्याळानेच पाळावी. जहाजामार्फत घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, स्वतः ठरवलेल्या सहलीसाठी थांबत नाही. स्वस्तात बाहेरची सहल घ्यायची, तर हाताशी दोन तास मोकळे ठेवावेत.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. १८८६ च्या अमेरिकी कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला सिॲटलहून निघून सिॲटललाच परतताना वाटेत एखादे परदेशी बंदर घ्यावे लागते. ते बहुधा कॅनडातले व्हिक्टोरिया असते. म्हणून भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्या आजी-आजोबांच्या कॅनडा व्हिसाची चौकशी तिकीट काढण्यापूर्वीच करावी.

शेवटी पालकांना एवढेच सांगणे : यादी हातात आली की आधी मुलाला विचारा, ‘तुला बर्फ पाहायचा, मासे पाहायचे की गाडीत बसायचे?’ त्याने बोट ठेवलेल्या एका गोष्टीला पूर्ण वेळ द्या, आणि राहिलेल्या गोष्टींची हळहळ करू नका.