केळ्यांचा शिरका आणि चिलटें

जळगांव-धुळ्याकडे केळ्यांस तोटा नाहीं. अति पिकलेलीं केळीं टाकून न देतां त्यांचा शिरका घालणें शहाणपणाचें. परंतु बरणी आंबूं लागली कीं भोंवतीं चिलटें जमतात. तीं केळ्यांतून आपोआप उपजत नाहींत. आंबणाच्या वासानें मादी येते व अंडीं घालते. २५ अंश उष्णतेंत अंड्यापासून पंखांपर्यंत सुमारें १० दिवस पुरतात. अळ्या पडलेली बरणी मग टाकावीच लागते.

तर झांकण घट्ट कां लावूं नये? साखरेचा प्रथम मद्यार्क होतो व मद्यार्काचा शिरका. हें दुसरें काम करणाऱ्या सूक्ष्म जंतूंस हवा लागते. हवा आंत जावी, चिलट जाऊं नये, एवढेंच साधावयाचें.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत टॉमस हंट मॉर्गन यांनीं हींच चिलटें केळ्यांवर पोसलीं व बाटल्यांस कापसाचे बोळे लावून आंत राखलीं. त्यांवरून लागलेल्या आनुवंशिकतेच्या शोधांस १९३३ चें नोबेल पारितोषिक लाभलें. ज्या युक्तीनें तेथें चिलटें आंत राहिलीं, तिनेंच येथें तीं बाहेर राहतील. बरणीच्या तोंडावर घट्ट विणीचें स्वच्छ सुती कापड दुहेरी करून दोऱ्यानें आवळावें. साली त्याच दिवशीं घराबाहेर टाकाव्या. उरलेल्या चिलटांसाठीं वाटींत थोडा शिरका घेऊन त्यांत साबणाच्या पाण्याचा एक थेंब सोडावा. वासानें येऊन तीं त्यांतच बुडतात.