फिरवणाऱ्या जोराचे माप

जात्याचा खुंटा वरच्या दगडाच्या अगदी कडेला ठोकलेला असतो. तो मध्यभागाजवळ बसवला असता, तर पायलीभर दळण होण्यापूर्वीच दळणारीचे हात भरून आले असते. लावलेला जोर तोच असला, तरी तो मध्यापासून जितका दूर लावावा तितका त्याचा फिरवण्याचा परिणाम अधिक होतो. म्हणून हा परिणाम मोजावयाचा, तर दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : जोर किती लावला आणि तो मध्यापासून किती अंतरावर लावला. या दोहोंचा गुणाकार म्हणजे त्या जोराचे परिबल होय. कारखान्यातील कारागीर यालाच टॉर्क म्हणतात.

समजा, एक फूट लांबीच्या पान्याने तुम्ही नट आवळीत आहात आणि पान्याच्या टोकाशी, त्याच्याशी काटकोन करून, दहा पौंडांचा जोर लावीत आहात. येथे परिबल १० फूट-पौंड झाले. पाना दोन फूट लांब घेतला, तर पाच पौंडांच्या जोरानेही तेच परिबल मिळेल.

आता, नट आवळायचा तर हाताला घट्ट लागेपर्यंत आवळावा, त्यासाठी मोजमाप कशाला, असे कोणालाही वाटेल. परंतु नट आवळला जातो तेव्हा त्यातील बोल्ट किंचित ताणला जातो, आणि तो ताणच दोन भागांना एकमेकांशी घट्ट धरून ठेवतो. ताण कमी पडला, तर यंत्राच्या हादऱ्यांनी नट हळूहळू सैल होतो. ताण फार झाला, तर आटे निकामी होतात किंवा बोल्टच तुटतो. लहान मोटारीच्या चाकाचे नट साधारणपणे १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. प्रवाशांचे जीव त्या चार-पाच नटांवर अवलंबून असल्यामुळे ते नेमके आवळण्यासाठी एक खास पाना वापरतात. ठरलेले परिबल पुरे होताच तो ‘कट्’ असा आवाज करतो.

अडचण येते ती मापांच्या निरनिराळ्या नावांमुळे. इंग्लंडहून आलेल्या जुन्या यंत्रांच्या माहितीपुस्तकांत ही मापे फूट-पौंडांत दिलेली असत. भारताने १९५६ साली कायदा करून मेट्रिक पद्धत स्वीकारली. त्यानंतर आपल्या पुष्कळ पुस्तकांतून किलोग्रॅम-मीटर हे माप दिसू लागले. आज शास्त्रात आणि बहुतेक देशांतील कारखान्यांत न्यूटन-मीटर चालते. अमेरिकेत मात्र फूट-पौंड अजून वापरात आहे. एकाच कारागिराच्या फळीवर ही तिन्ही प्रकारची पुस्तके शेजारी शेजारी असू शकतात.

एका मापातून दुसऱ्या मापात जाताना विसरता कामा नये अशी गोष्ट एकच आहे. परिबल दोन राशींचा गुणाकार आहे. म्हणून बदल दोन्ही राशींत करावा लागतो. अंतराचा बदल सोपा आहे. १९५९ साली इंग्लंड, अमेरिका आणि आणखी चार देशांनी मिळून जे ठरवले, त्याप्रमाणे एक फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर आणि एक पौंड म्हणजे ०.४५३६ किलोग्रॅमला अगदी थोडे कमी. परंतु पौंड आणि किलोग्रॅम ही मुळात वस्तुमानाची मापे, आणि आपल्याला हवा आहे जोर. एक किलोग्रॅम वस्तू पृथ्वी सुमारे ९.८०७ न्यूटन इतक्या जोराने खाली ओढते. (शंभर ग्रॅम साखरेची पुडी तळहातावर ठेवा, हाताला जो भार जाणवेल, तो जवळजवळ एक न्यूटन आहे.) तेव्हा एक पौंडाचा जोर म्हणजे ०.४५३६ गुणिले ९.८०७, अर्थात सुमारे ४.४४८ न्यूटन.

आता या दोन राशींचा गुणाकार करा. ०.३०४८ गुणिले ४.४४८ बरोबर सुमारे १.३५६. एक फूट-पौंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर, ते असे.

एखाद्या पुस्तकात ८० फूट-पौंड असे लिहिले असेल, तर ते सुमारे १०८ न्यूटन-मीटर होतील, आणि किलोग्रॅम-मीटरमध्ये सांगायचे तर सुमारे ११. नट तोच, आवळणेही तेच. फक्त ते सांगणारे आकडे तीन झाले. यातला ११ हा आकडा न्यूटन-मीटरचा समजून कोणी चाक बसवले, तर नट हवा त्याच्या दशांशानेच आवळला जाईल. उलट, न्यूटन-मीटरचे १०८ फूट-पौंड समजून आवळले, तर जोर तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक वाढेल. नुसता आकडा सांगून माप न सांगणाऱ्या माणसाच्या हाती पाना देऊ नये, असे माझे मत आहे.

अशी गफलत केवळ लहान दुकानांतच होते असे नाही. अमेरिकेच्या नासा या संस्थेने मंगळाकडे धाडलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान १९९९ च्या सप्टेंबरात नष्ट झाले. यानाला इंजिनांनी दिलेल्या लहान लहान ढकलण्यांचा हिशेब एका गटाने पौंडांत दिला आणि दुसऱ्याने तो न्यूटनमधला समजून वापरला. तेथे प्रश्न परिबलाचा नव्हता. परंतु करावयाचा राहून गेलेला गुणाकार ४.४४८ चाच होता. यान मंगळाच्या ठरल्यापेक्षा फार जवळ गेले आणि परत सापडले नाही.

तोंडी हिशेबासाठी आपली जुनी पाउणकी येथे उपयोगी पडते. न्यूटन-मीटरचे फूट-पौंड करताना खरा गुणक ०.७३८ आहे, म्हणजे पाऊणपटीहून किंचित कमी. १०८ ची पाऊणपट ८१. खरे उत्तर ८० च्या जवळ. उलट जाताना मात्र सव्वापट धरली तर कमी पडते आणि दीडपट धरली तर जास्त होते. तेव्हा मूळ संख्येत तिचा तिसरा हिस्सा मिळवावा आणि वर थोडे धरावे. हा अंदाज उत्तर पडताळण्यापुरताच. पाना लावताना पुरा गुणाकारच करावा.

आणखी एक माप लहान कामांत आढळते, ते इंच-पौंड. बारा इंचांचा फूट असल्यामुळे ते फूट-पौंडाचा बारावा भाग असते. सायकलीच्या हँडलचे बारीक बोल्ट बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. ते इंच-पौंडांत ४४ होतात. हेच ४४ फूट-पौंड म्हणून वाचले, तर पान्याचा ‘कट्’ असा आवाज ऐकू येण्याच्या आधीच बोल्ट मोडलेला असेल.