सीमेपलीकडचं औषध

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शेजारच्या गावात जिन्नस स्वस्त मिळत असेल तर आपण तो तिथून आणतो. कागल ओलांडून निपाणीकडं जाणारा कोल्हापूरकर तिथल्या पेट्रोलचा भाव आधी विचारतो. मग औषधाचं काय? तेच औषध, तीच कंपनी आणि शेजारच्या देशात भाव कितीतरी कमी. रुग्णानं ते तिथून आणलं तर बिघडलं कुठं?

एक उदाहरण पाहू. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा दुर्मिळ, जन्मजात आजार. त्यात स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी मरत जातात. बसणं, उभं राहणं अवघड होतं. पुढं गिळणं आणि श्वास घेणंही. रिस्डिप्लाम हे त्यावरचं तोंडानं घ्यायचं औषध. रोश या स्विस कंपनीच्या बाटलीची आपल्याकडची किंमत सुमारे ६ लाख २० हजार रुपये होती. वजन वीस किलोच्या वर गेलं की एक बाटली १२ दिवस पुरते. म्हणजे वर्षाला ३० बाटल्या, १ कोटी ८६ लाख रुपये. केंद्र सरकारच्या दुर्मिळ आजार धोरणात एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळते. या भावानं ती तीन महिन्यांत संपते.

२०२५ मध्ये केरळमधल्या एका रुग्ण तरुणीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. हीच बाटली पाकिस्तानात सुमारे ४१ हजारांना आणि चीनमध्ये सुमारे ४५ हजारांना मिळते, असं तिच्या बाजूनं मांडण्यात आलं.

एवढा फरक कशानं पडतो? पेटंट म्हणजे २० वर्षांची मक्तेदारी. मक्तेदार प्रत्येक देशात वेगळा भाव लावतो. जिथं सरकार सगळ्या रुग्णांच्या वतीनं एकदाच घासाघीस करतं, तिथं भाव उतरतो. चीननं तेच केलं.

बाहेरून औषध आणायला आपला कायदा सरसकट मनाई करत नाही. १९४५ च्या औषध नियमांनुसार प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी, स्वतःच्या सामानातून, एका औषधाचे १०० डोसपर्यंत आणता येतात. सामानाबाहेर, पार्सलनं मागवायचं तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते, नमुना १२-अ मध्ये अर्ज करावा लागतो आणि १२-ब चा परवाना मिळवावा लागतो. बांगलादेशातून चोरवाटेनं येणाऱ्या कर्करोगाच्या गोळ्यांना मात्र बिल नसतं, की तपासणी नसते. गोळी बनावट निघाली तर जाब कुणाला विचारणार?

शिवाय ही वाट कधी बंद होईल, सांगता येत नाही. २ मे २०२५ रोजी भारतानं पाकिस्तानातून येणाऱ्या सगळ्या मालाची आयात थांबवली. दोन देशांच्या भांडणाला आपापली कारणं असतात. पण आजाऱ्याचा श्वास त्यांच्यावर टांगून ठेवता येत नाही.

उपाय निघाला तो घरातच. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यानं औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट दिलं. त्यामुळं इथले कारखाने तीच औषधं वेगळ्या रीतीनं, स्वस्तात बनवायला शिकले. २००५ पासून औषधालाही पेटंट मिळू लागलं. पण जुन्याच शोधावर नवं पेटंट घेऊन मुदत लांबवण्याला कायद्यानं अडसर ठेवला. हैदराबादच्या नॅटको कंपनीनं याच मुद्द्यावर रोशच्या पेटंटला आव्हान दिलं. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं नॅटकोला रोखायला नकार दिला. ऑक्टोबरमध्ये खंडपीठानं तोच निर्णय कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयानंही हस्तक्षेप केला नाही. नॅटकोनं बाटलीची किंमत ठेवली १५,९०० रुपये. पाकिस्तानातल्या भावाच्याही निम्म्याहून कमी!

आता वर्षाचा खर्च ४ लाख ७७ हजार. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला तोही पेलणार नाही, हे खरं. पण जे ५० लाख तीन महिन्यांत संपत होते, ते आता दहा वर्षं पुरतील. सरकारनं एकगठ्ठा खरेदी केली तर आणखी पुरतील.

आमच्या घरच्या बोलीत ‘दवा’ आणि ‘दुवा’ यांत एका उकाराचं अंतर आहे. दुवा कुठूनही मागावी, तिला जकात लागत नाही. दवा मात्र आपल्याच गावच्या दुकानात, आपल्याला परवडेल अशा दरानं मिळायला हवी.