कोरियन शिकायची आहे? आधी एवढं जाणून घ्या

कळमनुरी तालुक्यातल्या डोंगरकड्यासारख्या गावातही आता मोबाइलवर कोरियन मालिका पाहता येतात. त्यातूनच एखाद्या बारावीच्या मुलीला ती भाषा शिकावीशी वाटली, तर घरचे म्हणतात, "ती चित्रांची लिपी तुला कशी यायची?" आणि बाहेरचं कुणीतरी सांगतं, "परीक्षा पास झाली की तिकडं नोकरी पक्की." मला दोन्ही समजुतींची काळजी वाटते. पहिलीमुळे मुलं सुरुवातच करत नाहीत आणि दुसरीमुळे घरातले पैसे जातात.

कोरियन लिपी चित्रलिपी नाही, चिनीही नाही. राजा सेजोंगच्या काळात 1443 मध्ये ती तयार झाली आणि 1446 मध्ये जाहीर झाली. तोवर वापरात असलेली चिनी अक्षरं शिकायला सामान्य माणसाकडे वेळ नव्हता, त्याला आपलं म्हणणं लिहिता यावं हा तिचा हेतू होता. या लिपीला हांगुल म्हणतात. तिच्यात 14 मूळ व्यंजनं आणि 10 मूळ स्वर आहेत. काही व्यंजनांचे आकार तर उच्चार करताना जीभ, ओठ, दात, घसा यांची जी ठेवण होते तिच्यावरून घेतले आहेत. व्यंजन आणि स्वर एका चौकटीत जोडून अक्षर बनतं. काना, मात्रा, वेलांटी जोडत लहानपणी बाराखडी गिरवलेल्या मुलांना ही कल्पना नवी नाही. रोज तासभर दिला तर आठवडाभरात अडखळत का होईना, वाचता येतं.

व्याकरणही परकं वाटतं तितकं परकं नाही. कर्ता आधी, मग कर्म, क्रियापद शेवटी हा मराठीचाच क्रम आहे. 'घरी', 'घरातून' यांसारखेच नामाला मागून प्रत्यय लागतात. शिवाय नामांना लिंग नाही, त्यामुळे 'तो आला, ती आली' असा क्रियापदातला फरकही नाही. इंग्रजीला घाबरणाऱ्या मुलांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

अवघड काय, तेही सांगायला हवं. संख्यांचे दोन संच आहेत, एक देशी आणि एक चिनी मुळाचा. घड्याळ सांगताना तास देशी संख्येत आणि मिनिटं चिनी मुळाच्या संख्येत! आणि आदराच्या पायऱ्या. मालिका पाहूनच भाषा येते हा समज इथं अडचणीत आणतो. मित्रमैत्रिणींच्या तोंडची 'अरे-तुरे'ची भाषा उचलून ती शिक्षकांशी किंवा कंपनीतल्या साहेबांशी वापरली, तर तो उद्धटपणा ठरतो. मालिकांनी कान तयार होतो, पण पाठ्यपुस्तकाला पर्याय नाही. सेजोंग इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन धडे मोफत आहेत, त्यांतून सुरुवात करावी.

संस्कृती म्हणजे फक्त गाणी आणि गोऱ्यापान चेहऱ्यांचे नट, हाही समज सोडावा. तिथला चुसोक हा सुगीचा सण आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला येतो. अनेक घरांत नव्या पिकाचं अन्न पूर्वजांपुढे ठेवतात. 2023 मध्ये तो आपल्या भाद्रपद पौर्णिमेला आला होता, 2025 मध्ये कोजागरीला. शेतकऱ्यांचं ढोल-झांजांचं वादन, नोंगाक, 2014 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. शेतीवर जगणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांनी हा कोरिया मुद्दाम बघावा. तिथं सगळे फक्त मांसच खातात हेही खरं नाही. बौद्ध मठांतला स्वयंपाक शाकाहारी असतो, त्यात कांदा-लसूणही नसतो. मात्र शाकाहारी माणसानं बाजारातली किमची, म्हणजे आंबवलेली भाजी, विचारून घ्यावी, कारण तिच्यात बहुधा माशाचा अर्क किंवा खारवलेली कोळंबी असते.

आता नोकरी. टोपिक या परीक्षेच्या सहा पातळ्या आहेत आणि निकाल दोन वर्षं ग्राह्य असतो. ती भाषेची परीक्षा आहे, नोकरीचं पत्र नव्हे. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश इथले कामगार सरकारी करारानुसार वेगळी परीक्षा देऊन कोरियातल्या कारखान्यांत जातात. त्या करारातल्या देशांत भारत नाही. त्यामुळे 'भाषेची परीक्षा द्या, कारखान्यात लावतो' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये.

खरी संधी जवळ आहे. महाराष्ट्रातच कोरियन कंपन्या आहेत: रांजणगावात एलजी, तळेगावात ह्युंदाई, माणगावजवळ पॉस्को. पण तिथंही नुसत्या भाषेवर थोड्यांनाच काम मिळतं. आयटीआय, डिप्लोमा, अभियांत्रिकी किंवा वाणिज्य शाखेच्या शिक्षणाला कोरियनची जोड असेल तर उमेदवार वेगळा उठून दिसतो. शिकायलाच कोरियात जायचं असेल, तर तिथल्या सरकारच्या ग्लोबल कोरिया शिष्यवृत्तीत विमानभाडं, शिक्षणशुल्क, दरमहा भत्ता आणि पदवीआधी वर्षभराचं भाषाशिक्षण मिळतं. तिची माहिती दिल्लीतल्या कोरियन दूतावासाकडून थेट घ्यावी, मधल्या माणसाकडून नव्हे.