दोघांना जेवणासह पॅकेज परवडतं का?

रिसॉर्टच्या दरपत्रकातला सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपीत आणखी एक जेवण, एपीत दोन्ही वेळचं. जेवणाचा हा दर बहुधा माणशी लावतात आणि जोडप्याचा खिसा तिथेच कापला जातो. मेन्यूकार्ड बघून मागवलं तर एक पनीर, एक डाळ नि चार रोट्यांत दोघांचं भागतं. खोपोलीच्या इमॅजिकासारख्या पार्कात तर अख्खा दिवस राइड्सवर जातो; हॉटेलातलं दुपारचं जेवण पैसे भरूनही बुडतं. तिथे सीपी पुरे. आटगाव-तानसाकडच्या आडबाजूच्या मुक्कामी मात्र रात्री रिक्षा मिळणं कठीण, ढाबे राहिले नाशिक हायवेवर. स्वतःची गाडी नसेल तर मुकाट्याने एमएपी घ्यावा. फक्त बुकिंगआधी विचारा: संध्याकाळचा चहा, पाण्याची बाटली नि जीएसटी यात धरलाय का?