धर्मग्रामाचा उन्हाळा

विरार स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडून आगाशी-अर्नाळ्याची वाट धरली, की बोळींजनंतर इमारतींची गर्दी थोडी विरळ होते आणि केळीच्या, फुलझाडांच्या वाड्या दिसू लागतात. याच पट्ट्यात नंदाखाल आहे. तिथलं पवित्र आत्म्याचं चर्च १५७३ मधलं. वसईच्या किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंत पापडी, सांडोर, गिरीज, निर्मळ, आगाशी अशी चर्चची गावं एकामागून एक लागतात. प्रत्येक चर्चच्या भोवती काही गावांचा, वाड्यांचा, आळ्यांचा समाज बांधलेला असतो. त्याला इथले लोक धर्मग्राम म्हणतात. बोलण्यात सरळ ‘पॅरिश’ही म्हणतात.

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे चर्च म्हटलं की मिशनची शाळा आणि दवाखाना आठवतो. छिंदवाडा भागात स्वीडनच्या लुथेरन मिशननं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत काम सुरू केलं, त्याच्या त्या खुणा. पण सबंध गावच चर्चभोवती उभं आहे, शेतकरी, फुलवाले, कोळी, शिक्षक असे सगळे एकाच धर्मग्रामाचे आहेत आणि प्रार्थना मराठीत चालते, हे आपल्याकडच्या माणसाला सहसा पाहायला मिळत नाही. ते पाहायचं असेल तर वसईला नाताळात न जाता एप्रिल-मेमध्ये जावं. नाताळात रोषणाई दिसते. उन्हाळ्यात मात्र ही संस्था चालते कशी ते दिसतं.

धर्मग्रामाची हद्द ठरलेली असते. हद्दीतल्या प्रत्येक कॅथलिक घराची नोंद चर्चच्या दप्तरात असते: बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. कारभार प्रमुख धर्मगुरूंकडे, मदतीला साहाय्यक फादर आणि बहुतेक ठिकाणी सिस्टर. पण दोन-तीन फादर काही हजार माणसांचं गाव चालवू शकत नाहीत. म्हणून आळीआळीतल्या घरांचे छोटे समूह असतात, त्यांचे प्रतिनिधी असतात, पॅरिश कौन्सिल असते. महिला मंडळ, युवकांचा गट, गायकवृंद, वेदीवर मदत करणारी मुलं, रविवारी धर्मशिक्षण देणारे शिक्षक आणि गरजू घरांची विचारपूस करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, अशी कामं वाटलेली असतात. यातलं बहुतेक काम बिनपगारी. नोकरी सांभाळून, शेती सांभाळून लोक ते करतात.

ही सवय जुनी आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं तहात वसई पोर्तुगिजांना दिली. मिशनरी आले, चर्च उभी राहिली, किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या जातींतली कुटुंबं ख्रिस्ती झाली. धर्म बदलला तरी शेत, विहीर आणि बोली बदलली नाही. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी, घरात आजही कादोडी बोलतात. सणासमारंभाला वयस्क बायका लाल लुगडं नेसतात. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ता गेली. युरोपीय मिशनरी निघून गेले. ज्याच्या बळावर चर्च आली ते राज्यच उरलं नाही, तरी चर्च उरली. कारण देशी धर्मगुरूंनी आणि गावकऱ्यांनी ती आपली मानून सांभाळली. वसईचा धर्मग्राम समजून घ्यायचा तर १५३४ पेक्षा १७३९ नंतरचा काळ मला अधिक मोलाचा वाटतो. राजाश्रय गेल्यावर संस्था कोणाच्या खांद्यावर उभी राहते, ते तिथं कळतं.

दुसरा मोठा बदल भाषेचा. शतकानुशतकं मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेची वाट मोकळी झाली. वसईत ती भाषा मराठी ठरली. त्यातून मराठी प्रार्थना आली, मराठी गीतं आली, वेदीवरून मराठी प्रवचनं आली. बायबलचे उतारे वाचायला गावातलीच मुलगी उभी राहू लागली. फादर वेदीवर जे म्हणतात ते आता आजीलाही कळू लागलं आणि तिच्या नातवालाही.

आता उन्हाळ्याकडे येऊ. या उन्हाळ्याचं पंचांग ईस्टरवरून ठरतं. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही येतो. त्याआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ म्हणजे संयमाचा काळ. त्या दिवसांत लग्नं टाळतात. त्यामुळे ईस्टर झाला की साठलेली लग्नं एकदम सुरू होतात. घरोघर मांडव पडतात, बँड वाजतो. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लग्नांत वाजतगाजत विहिरीवर जाऊन ‘उंबराचं पाणी’ आणण्याची जुनी रीत आहे. याच दिवसांत अंगणात मिरच्या वाळत असतात, वर्षाचा मसाला कुटून ठेवायचा असतो, सुकी मासळी भरायची असते. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून त्यांची सुकेळी करण्याचं कामही आगाशी भागात याच कोरड्या दिवसांवर अवलंबून. ज्याच्या घरी लग्न त्याच्या मांडवात आळी राबते, आणि आळीत कोण आजारी आहे, कोणाची परिस्थिती ओढगस्तीची आहे, हे मिस्सेनंतर चर्चच्या आवारात चार माणसं बोलतात तेव्हा समजतं.

मे महिना मरियामातेचा. कॅथलिक जगात सगळीकडेच तो तसा मानतात, पण कोकणाच्या या पट्ट्यात त्याला गावाचं रूप आलं आहे. इथं गावागावांत, वाटेच्या वळणावर, आळीच्या तोंडाशी क्रूस उभे आहेत. मुंबईच्या गावठाणांमधले कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगच्या काळात उभारले गेले. रोगानं माणसं पटापट जात असताना लोकांनी दाराबाहेर येऊन एकत्र प्रार्थना केली, तिची ती खूण. मे आला की क्रूस रंगवतात, हार घालतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर आळीतली माणसं तिथं जमतात आणि माळेची प्रार्थना म्हणतात. दहा-दहा मण्यांचे पाच संच. एक जण अर्धी प्रार्थना म्हणतो, बाकीचे उरलेली पुरी करतात. त्यात लहानांनाही पाळी मिळते. सात-आठ वर्षांच्या मुलीनं दहा मणी न अडखळता म्हटले की आजूबाजूच्या बायका कौतुकानं बघतात. प्रार्थना झाली की उकडलेले हरभरे किंवा असाच काही खाऊ वाटतात, आणि मग गप्पा.

या संध्याकाळी फादर असतीलच असं नाही, आणि माझ्या मते धर्मग्रामाचं सगळ्यात मोठं बळ तेच आहे. देऊळ असो, चर्च असो, वास्तूपर्यंत माणसानं चालत जायचं ही रीत सगळीकडे असते. इथं उपासना माणसांच्या दारापर्यंत येते, आणि ती चालवण्याची जबाबदारीही त्या दाराचीच असते. ज्यांना गुडघेदुखीमुळे चर्चपर्यंत जाता येत नाही, त्या म्हाताऱ्या माणसांना खुर्ची टाकून क्रूसाजवळ बसता येतं. मुंबईला नोकरी करणारा तरुण लोकलमधून उतरून घरी येताना तिथं दहा मिनिटं थांबू शकतो.

मुलांची सुटी हा उन्हाळ्याचा दुसरा मोठा भाग. शाळा बंद झाल्या की धर्मग्रामांत शिबिरं भरतात. सुटीतल्या बायबल-शाळेची कल्पना अमेरिकेतून आली; न्यू यॉर्कच्या दाट वस्तीतली मुलं सुटीत रस्त्यावर भटकतात हे पाहून तिथं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अशा शाळा सुरू झाल्या. भारतातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी ती कल्पना उचलली, आणि कॅथलिक धर्मग्रामांची शिबिरंही त्याच गरजेतून वाढली. सकाळी प्रार्थना, गाणी, बायबलमधली गोष्ट, तिच्यावर छोटं नाटुकलं. मग चित्रं, हस्तकला, खेळ. पदार्थ करायचे ते महिला मंडळानं. लिंबाचं सरबत ढवळणाऱ्या बायका आणि घोळक्यानं रांगेत उभी असलेली पोरं, हे या शिबिरांचं नेहमीचं दृश्य.

पण शिबिराचा खरा गाभा चौदा ते वीस या वयाच्या मुलामुलींमध्ये आहे. लहान मुलांचे गट त्यांच्या हाती असतात. गाणं शिकवायचं, भांडण सोडवायचं, रडणाऱ्याला समजवायचं, हजेरी ठेवायची, शेवटच्या दिवशीचं नाटक बसवायचं. दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली मुलगी पंधरा मुलांची ताई होते. तिला कोणी ‘नेतृत्वाचे धडे’ देत नाही. पंधरा मुलं सोपवली जातात, बस. गेल्या वर्षी जो रांगेत उभा होता तो दोन-चार वर्षांनी सरबताची पातेली उचलतो, आणि पुढे पॅरिश कौन्सिलवर बसतो. संस्था माणसं अशी घडवते.

आपल्याकडच्या वाचकाला हे परकं वाटू नये. विदर्भात आणि त्याला लागलेल्या आमच्या पट्ट्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सुसंस्कार शिबिरं उन्हाळ्यातच भरतात. पहाटे उठणं, ध्यान, ग्रामसफाई, खंजिरीवरची भजनं, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. श्रद्धा वेगळी आणि गाणी वेगळी. पण सुटीतल्या मुलाला गावाच्या कामात हात घालायला लावायचा, हा हेतू दोन्हीकडे एकच आहे.

ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट येतो. ख्रिस्ताच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि बंद खोलीत भेदरून बसलेली माणसं बाहेर येऊन बोलू लागली, अशी त्यामागची कथा. २०२५ मध्ये हा सण ८ जूनला होता. म्हणजे पहिल्या पावसाच्या तोंडावर. पवित्र आत्म्याच्या नावानं उभ्या असलेल्या नंदाखालच्या चर्चला या सणाचा अर्थ विशेष जवळचा. त्यानंतर शाळा उघडतात, शेतं नांगरली जातात आणि उन्हाळ्याचा हा फेरा संपतो.

ज्या समाजाला असं एकत्र काम करण्याची सवय असते, तो प्रार्थनेपुरता थांबत नाही. शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडत होता तेव्हा मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकारानं १९१८ मध्ये पापडीला सहकारी पतसंस्था निघाली. आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक ती हीच. १९५५ मध्ये ‘सुवार्ता’ मासिक सुरू झालं. सांडोरजवळ बंगलीला कार्डिनल ग्रेशस यांच्या नावाचं रुग्णालय आहे. नंदाखालजवळच्या जेलाडीत १९४२ मध्ये जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ पासून २००७ पर्यंत ‘सुवार्ता’चे संपादक होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वसईची शेती, विहिरी आणि पाणी बिल्डरांच्या घशात जाऊ लागलं तेव्हा हरित वसईच्या चळवळीत पुढे उभे राहणारे हेच फादर. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले, आणि त्यांना अखेरचा निरोप नंदाखालच्याच चर्चनं दिला.

आज या उन्हाळ्यावर ताण आहे. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. आपली गावं तिच्यातून वगळा म्हणून अनेक गावांनी मोठं आंदोलन केलं. मुंबईची घरं इथवर आली आहेत. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत, विहिरींचं पाणी खाली चाललं आहे, कितीतरी तरुण आखाती देशांत, युरोपात, कॅनडात गेले आहेत. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलाला मराठी वाचन जड जातं. शिबिराच्या आठवड्यातच क्लासेसची सुटीतली बॅच सुरू असते. क्रूसापाशी जमणाऱ्यांत पांढरे केस वाढत आहेत, असं ऐकू येतं, आणि ते नाकारण्यासारखं नाही.

तरीही मला या संस्थेबद्दल भरवसा वाटतो, तो इतिहासामुळे. तिनं राज्य गमावलं तेव्हा ती गावकऱ्यांच्या हाती गेली आणि टिकली. भाषा बदलली तेव्हा ती लोकांच्या जास्त जवळ आली. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पहिले बिशप थॉमस डाबरे हे याच मातीतले. तुकारामांच्या ईश्वरानुभवावर त्यांनी संशोधन केलं आहे. प्रत्येक बदलात वरचा आधार सुटला किंवा वरची माणसं बदलली, आणि खालच्या कामाची वाटणी मात्र चालूच राहिली.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. आता आपल्याकडे कार्यालयं येतील, निधी येईल, समाजभवनं आणि सभामंडप बांधले जातील. ते व्हावंच. पण बांधलेल्या मंडपात मे महिन्यात पंधरा मुलांची जबाबदारी एखाद्या दहावीच्या मुलीवर सोपवणारं कोणी नसेल, तर तो मंडप लग्नापुरताच उघडेल. देऊळ, विहार, मशीद, चर्च, वाचनालय, कोणाचंही अंगण चालेल. वसईच्या धर्मग्रामांनी जे टिकवलं ते उचलण्यासाठी धर्म बदलावा लागत नाही. प्रत्येक वयाच्या माणसाला गावाचं एक काम द्यावं लागतं, आणि ते काम त्याच्याकडून नीट होईल असा विश्वास ठेवावा लागतो. पुढच्या उन्हाळ्याची आखणी आपल्या गावांनी इथूनच सुरू करावी.